प्रत्येक घरात एक गुन्हा

हुकूमशाही म्हटले की तुरुंग आठवतो. मध्यरात्री दारावर पडलेली थाप, खोटे खटले, छळछावण्या आणि पुन्हा कधीच न दिसलेली माणसे. या चित्राला विसाव्या शतकाने भरपूर पुरावा दिला आहे, आणि रुमानियाचा त्यात मोठा वाटा आहे. ३० डिसेंबर १९४७ रोजी राजा मिहाय याला पदत्याग करायला लावून तिथे कम्युनिस्ट राजवट पक्की झाली. पुढच्या दीड दशकात सिगेत, पितेश्त आणि घेर्ला इथले तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले. डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला जोडणाऱ्या कालव्यावरच्या श्रमछावण्याही भरल्या. त्यांत जुने मंत्री होते, धर्मगुरू होते, जमीन द्यायला नकार देणारे शेतकरी होते, विद्यार्थी होते. मग १९६४ साली सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि हजारो राजकीय कैदी सुटले. मार्च १९६५मध्ये निकोलाए चाउशेस्कू पक्षाचा प्रमुख झाला आणि जवळजवळ पंचवीस वर्षे सत्तेवर राहिला. त्याच्या काळात राजकीय कैद्यांची संख्या पन्नाशीच्या दशकाच्या मानाने फारच थोडी होती. तरीसुद्धा ऐंशीच्या दशकात पूर्व युरोपातल्या कोणत्याही देशापेक्षा रुमानिया गप्प होता. पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे कोटीभर सभासद झाले. चेकोस्लोव्हाकियात लेखक आणि प्राध्यापकांनी ‘चार्टर ७७’ या मानवी हक्कांच्या मागणीपत्रावर उघड सह्या केल्या. रुमानियात एकेकटी माणसे उभी राहिली, कुठे कुठे संप झाला, पण चळवळ म्हणावी असे काही टिकले नाही. राजकीय तुरुंग बरेचसे रिकामे, आणि तरी देश मुका, असे कशाने झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला तुरुंगाची दफ्तरे पुरत नाहीत. त्या काळातले शिधापत्रक, प्रसूतिगृहातली नोंद, टंकलेखन यंत्राचा परवाना असल्या बारीकसारीक कागदांकडे वळावे लागते. त्यांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. या राजवटीने रोजच्या जगण्याभोवती इतके आणि असे नियम विणले, की त्यातला एकही न मोडता संसार चालवणे कुणालाच शक्य राहिले नाही. घरोघरी काही ना काही बेकायदा घडत होते. सरकारला ते माहीत होते, आणि सरकारला माहीत आहे हे लोकांनाही माहीत होते. ज्याच्या घरात गुन्हा दडलेला आहे, त्याला अटक करण्याची घाई नसते. त्याला नुसती जाणीव असली तरी तो शेजाऱ्याशी जपून बोलतो, सभेत हात वर करतो, साहेबासमोर मान खाली घालतो. सगळ्यांना तुरुंगात टाकणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. पण सगळ्यांना तुरुंगाच्या लायक ठरवून ठेवणे स्वस्त पडते, आणि चाउशेस्कूच्या राजवटीने नेमके तेच केले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. सत्तरच्या दशकात मोठमोठे पोलाद आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभारण्यासाठी रुमानियाने पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज घेतले. १९८१च्या सुमारास ते दहा अब्ज डॉलरवर गेले. व्याजाचे दर चढले होते, तेल महागले होते. तेव्हा चाउशेस्कूने सारे कर्ज मुदतीच्या आत फेडायचे ठरवले. निर्यात वाढवायची आणि आयात तोडायची, हा त्याचा मार्ग. मांस, धान्य, फळे बाहेर जाऊ लागली आणि देशात पाव, साखर, तेल शिधापत्रकावर मिळू लागले. प्रमाण जिल्ह्यागणिक बदले. अनेक ठिकाणी माणशी दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम पाव आणि महिन्याला किलोभर साखर. लोणी, अंडी, दूध, कॉफी कधी येईल याचा नेम नसे. दुकानात मांस म्हणून बहुधा डुकराचे खूर मिळत, आणि लोक त्यांना ‘आदिदास’ म्हणत. पहाट व्हायच्या आधीच रांगा लागत. घरातल्या आजी-आजोबांचे उरलेले आयुष्य त्या रांगांत गेले, कारण कमावत्या माणसांना कामावर जावे लागे. हिवाळ्यात घर तापवणारे नळ कोमट राहत आणि कित्येक घरांत तापमान बारा अंशांच्या आसपास असे. रस्त्यांवरचे दिवे विझवले गेले. रविवारी एकदा सम क्रमांकाच्या आणि पुढच्या खेपेला विषम क्रमांकाच्या मोटारींना बाहेर पडायची मुभा असे. या सगळ्याला शास्त्राचा आधारही दिला गेला. रुमानियन माणूस गरजेपेक्षा जास्त खातो असे सांगत सरकारी तज्ज्ञांनी ‘शास्त्रीय आहारा’चा कार्यक्रम तयार केला. कोणी किती उष्मांक घ्यावेत ते त्यात ठरले होते, आणि पुढे संसदेने तो मंजूरही केला.

पण टंचाईपेक्षाही टंचाईभोवतीचा कायदा जास्त बोलका आहे. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये एक फर्मान निघाले. कुटुंबाच्या एका महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त तेल, साखर, पीठ, तांदूळ किंवा कॉफी घरात सापडली, तर सहा महिने ते पाच वर्षे कैद. आता माल केव्हा येईल याची खात्री नसताना कोणतीही शहाणी गृहिणी काय करील? तेल आले त्या दिवशी जमेल तेवढे घेऊन ठेवील, साखर मावशीकडून आणील, गावाकडून पिठाचे पोते मागवील. म्हणजे संसार नीट करणारी प्रत्येक बाई त्या फर्मानाने गुन्हेगार ठरली. गावातही तेच. स्वतःच्या गोठ्यातले वासरू परवानगीवाचून कापणाऱ्या शेतकऱ्याला शिक्षा होती. डॉक्टरने नीट तपासावे, दुकानदाराने मागच्या दाराने किलोभर मांस द्यावे, कारकुनाने कागद पुढे सरकवावा, यासाठी ‘केंट’ नावाच्या अमेरिकी सिगारेटची पाकिटे हातोहात फिरत. ती न फोडता एकाकडून दुसऱ्याकडे जात, आणि त्यांना चलनाची किंमत आली होती. देणारा आणि घेणारा दोघेही अपराधी, म्हणून दोघेही एकमेकांच्या मुठीत, आणि दोघेही सरकारच्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा सारा कर्जाचा परिणाम होता, त्यात हेतू शोधू नये. आक्षेपात तथ्य आहे. लोकांना गुन्हेगार बनवण्याचा आराखडा कुणी टेबलाशी बसून आखला, असे मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पोलंडचे कर्ज रुमानियाच्या दुपटीहून अधिक होते, आणि तिथल्या सरकारने ते लोकांच्या ताटातून ओरबाडून मुदतीआधी फेडले नाही. दुसरे, उपासमारीच्या याच वर्षांत, १९८४ साली, बुखारेस्टमध्ये ‘लोकगृह’ नावाच्या प्रचंड प्रासादाचा पाया घातला गेला. अकराशेच्या आसपास दालने असलेल्या या इमारतीसाठी आणि तिच्यासमोरच्या हमरस्त्यासाठी उरानुस हा जुना भाग जमीनदोस्त झाला, सुमारे ४० हजार माणसांना घरे सोडावी लागली. ज्याला संगमरवराला पैसा आहे, त्याला लोण्याला नाही असे म्हणता येत नाही. आणि तिसरी गोष्ट निर्णायक आहे: एप्रिल १९८९मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली, तरी रांगा होत्या तिथेच राहिल्या. कारण संपले आणि व्यवस्था उरली. एखादी व्यवस्था सुरू कशी झाली, यापेक्षा ती कुणाच्या कामी येते म्हणून टिकते, हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे.

मराठी वाचकाच्या मनात आणखी एक शंका सहज येईल. रांगा आपल्याकडेही होत्या. साखर, रॉकेल, दूध यांसाठी आपल्या दोन पिढ्या रेशनच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या, मग रुमानियाच्या रांगेत वेगळे काय? वेगळेपण रांगेच्या पुढच्या पायरीत आहे. १९७२मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ आणि महागाई एकदम कोसळली, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने मुंबईच्या बायकांना रस्त्यावर आणले. लाटणी घेऊन निघालेले ते मोर्चे वर्तमानपत्रांत छापून आले आणि मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली. पक्षभेद विसरून एकत्र आलेल्या त्या बायका रांगेतच एकमेकींशी बोलल्या होत्या. बुखारेस्टच्या रांगेतही बायका बोलत, पण कोण ऐकत आहे हे पाहून. १५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्राशोव्ह शहरात ट्रक कारखान्याचे कामगार पगारकपातीच्या संतापाने बाहेर पडले, पक्षकचेरीत घुसले, आणि तिथे त्यांना अधिकाऱ्यांसाठी मांडून ठेवलेले खाद्यपदार्थ दिसले. सुमारे ३०० जणांना पकडले गेले. खटला मात्र राजकीय नव्हता. आरोप हुल्लडबाजीचे ठेवले गेले, आणि दोषी ठरलेल्यांना लांबच्या गावांत कामाला पाठवले. समाजवादी देशात कामगार सरकारविरुद्ध उठतो हे कागदावर येऊ द्यायचे नव्हते. साध्या फौजदारी कलमांत सगळे बसवता आले की विरोध नावाची गोष्टच उरत नाही.

स्वयंपाकघरातून शेजघरात गेलो की हा कायदा अधिक क्रूर होतो. ऑक्टोबर १९६६मध्ये ‘फर्मान क्रमांक ७७०’ निघाले आणि गर्भपातावर बंदी आली. पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रिया, चार मुले झालेल्या स्त्रिया काही वैद्यकीय कारणे अशी मोजकीच सूट होती. पुढे अटी बदलत गेल्या आणि १९८५मध्ये चाराची पाच मुले झाली. गर्भनिरोधके देशात बनत नव्हती आणि आयात होत नव्हती. राष्ट्राची लोकसंख्या वाढवायची हा हेतू उघड सांगितलेला होता. १९६६ साली सुमारे २ लाख ७४ हजार मुले जन्मली होती, १९६७ साली ५ लाख २८ हजार. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. या मुलांना ना पुरेशी प्रसूतिगृहे होती ना शाळा, आणि ज्यांना आईबाप सांभाळू शकले नाहीत ती सरकारी अनाथालयांत गेली. १९८९ नंतर त्या अनाथालयांची छायाचित्रे जगाने पाहिली, तेव्हा लाखावर मुले संस्थांमध्ये होती.

पण आकडे पुढे पाहत गेले की दुसरेच चित्र दिसते. १९६६मध्ये हजार लोकसंख्येमागे जन्माचे प्रमाण १४.३ होते. बंदीनंतर ते उसळले, मग दरवर्षी उतरू लागले, आणि १९८३मध्ये पुन्हा १४.३वर आले. फर्मान लागू होते, गर्भनिरोधके नव्हती, तरी आकडा मूळ जागी परतला. याचा अर्थ एकच: देशातल्या लक्षावधी स्त्रिया कायदा मोडत होत्या. कुणी ओळखीच्या सुईणीकडे जात होती, कुणी विद्यार्थिवसतिगृहाच्या खोलीत, कुणी स्वतःच्या हाताने. सरकारने यावर कायदा ढिला केला नाही, पाळत वाढवली. कारखान्यांत कामगार स्त्रियांची ठरावीक काळाने स्त्रीरोग तपासणी होऊ लागली, म्हणजे गर्भ राहिला तर नोंद व्हावी. पंचविशीनंतर मूल नसेल तर कर होता, मग लग्न झालेले असो वा नसो. रक्तस्राव होत असलेली बाई रुग्णालयात आली, तर गर्भपात कुणी केला हे ती सांगेपर्यंत उपचार रोखून धरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तिच्या खाटेशी पोलीस किंवा सरकारी वकील बसलेला असे. मदत करणारा डॉक्टरही तुरुंगाच्या उंबरठ्यावर. या तेवीस वर्षांत बेकायदा गर्भपाताने सुमारे दहा हजार स्त्रिया मेल्या असा अंदाज दिला जातो. क्रिस्तियान मुंजिऊ या दिग्दर्शकाने २००७ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला चित्रपट ‘चार महिने, तीन आठवडे, दोन दिवस’ हा १९८७मधल्या दोन विद्यार्थिनींच्या अशाच एका दिवसाची कथा सांगतो, आणि त्यातली एक मुलगी मैत्रिणीसाठी धावपळ करताना केंटची पाकिटे शोधत फिरते. लोकसंख्या वाढवणे हे या फर्मानाचे उद्दिष्ट मानले तर ते सपशेल फसले. मात्र त्याने प्रत्येक घरात एक असे गुपित निर्माण केले, जे बाहेर फुटले तर बायको, डॉक्टर आणि मदतीला आलेली शेजारीण तिघांचेही आयुष्य उद्ध्वस्त होईल.

लिहिण्याच्या टेबलापाशीही हीच पद्धत होती. मार्च १९८३च्या फर्मानाने प्रत्येक टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद सक्तीची केली. मालकाने परवानगी घ्यायची, दरवर्षी यंत्राच्या अक्षरांचा नमुना ठाण्यात नेऊन द्यायचा, दुरुस्तीनंतर पुन्हा द्यायचा, आणि यंत्र दुसऱ्याला वापरायला द्यायचे नाही. प्रत्येक यंत्राच्या अक्षरांत किंचित वेगळेपण असते. त्यामुळे कुठे पत्रक सापडले तर ते कुणाच्या घरून निघाले हे कळावे. छापील साहित्याची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. १९७७ साली रुमानियाने सेन्सॉरचे खाते अधिकृतपणे बंद केले. बाहेरून ही सुधारणा दिसते. प्रत्यक्षात जबाबदारी संपादक, प्रकाशक आणि लेखक यांच्यावर ढकलली गेली. आधी सेन्सॉरने शिक्का मारला की संपादक सुटत असे; आता चुकीचे वाक्य छापले गेले तर दोष त्याचा. काय छापू नये याची यादीही समोर नव्हती, म्हणून भीती स्वतःच सीमा आखू लागली, आणि ती सेन्सॉरपेक्षा आत आली. १९८४च्या अखेरीस ‘अम्फितेआत्रू’ या विद्यार्थ्यांच्या मासिकात कवयित्री आना ब्लांदियाना यांच्या चार कविता छापल्या गेल्या. त्यातली एक कविता म्हणजे रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या वस्तूंची केवळ यादी आहे. त्या यादीत देशाला आपले सगळे जगणे दिसले. अंक मागे घेतला गेला, पण तोवर लोकांनी कविता हाताने उतरवून घेतल्या होत्या. त्या उतरवलेल्या कागदांनी पुन्हा घराघरात आणखी एक लपवण्याजोगी वस्तू आणली.

गेओर्गे उर्सू यांचे प्रकरण या सगळ्या व्यवस्थेचा गाभा उघड करते, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. उर्सू हे बुखारेस्टमधले स्थापत्य अभियंता, कविता लिहिणारे, लेखकांच्या वर्तुळात वावरणारे. ४ मार्च १९७७च्या भूकंपात दीड हजारांहून अधिक माणसे मेली. तडे गेलेल्या इमारती मजबूत करण्याचे काम वरून आलेल्या आदेशाने मधेच थांबवण्यात आले. हे पुढच्या भूकंपातल्या मृत्यूंना आमंत्रण आहे हे उर्सू यांना त्यांच्या व्यवसायामुळे कळत होते. त्यांनी ते लिहून पश्चिमेला पाठवले आणि ‘रेडिओ फ्री युरोप’वरून ते वाचले गेले. ते अनेक वर्षे दैनंदिनीही लिहीत, आणि काही वह्या कचेरीत ठेवत. सहकाऱ्यांनी त्याची खबर दिली. गुप्त पोलिसांना, म्हणजे ‘सेकुरिताते’ला, त्यांच्याकडून त्या वह्यांत कोणकोणते लेखक येतात हे काढून घ्यायचे होते. सप्टेंबर १९८५मध्ये त्यांना अटक झाली. आरोपपत्रावर मात्र दैनंदिनीचा प्रश्न नव्हता. आरोप होता घरात थोडेसे परकीय चलन बाळगल्याचा. परदेशात नातेवाईक असलेल्या कोणत्याही रुमानियन घरात एखादी डॉलरची नोट सापडली असती. १७ नोव्हेंबर १९८५ रोजी कोठडीतल्या मारहाणीने उर्सू यांचा मृत्यू झाला. कागदोपत्री ते राजकीय कैदी नव्हते. साध्या चलनाच्या गुन्ह्यातले आरोपी होते. राजकीय कैद्यांचे आकडे लहान का दिसतात, याचे उत्तर या आरोपपत्रात आहे. आणि प्रत्येकाच्या कपाटात एखादी लहानशी बेकायदा वस्तू असणे राजवटीला का उपयोगी होते, याचेही.

सेकुरितातेचे स्वतःचे मनुष्यबळ १९८९मध्ये पंधरा हजारांच्या आसपास होते. सव्वादोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात हा आकडा लहानच. खबऱ्यांचे जाळे मात्र चार लाखांचे असावे, असे अंदाज आहेत. एवढी माणसे खबरी का झाली? काही पगारासाठी, काही बढतीसाठी. पण पुष्कळांच्या बाबतीत पहिली भेट कुठल्या तरी किरकोळ अपराधावरून झाली. ‘हे आम्ही सोडून देतो, तुम्ही अधूनमधून भेटत जा.’ घरातला गुन्हा हा खबरी बनवण्याचा कच्चा माल होता. ज्याने नकार दिला त्याचे काय झाले हे हेर्टा म्युलर यांनी सांगितले आहे. बानात प्रांतातल्या जर्मन भाषिक अल्पसंख्याक समाजातल्या म्युलर तिमिशोआरातल्या एका यंत्रकारखान्यात अनुवादक होत्या. खबरी होण्याच्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची खोली काढून घेतली गेली आणि त्या शब्दकोश घेऊन जिन्यात बसून काम करू लागल्या. मग कारखान्यात कुजबुज पसरवली गेली की म्युलर खबरी आहेत. जे व्हायला त्यांनी नकार दिला, तेच त्या झाल्याचे सहकाऱ्यांना सांगण्यात आले, आणि सहकाऱ्यांनी ते मानले. १९७९मध्ये त्यांची नोकरी गेली, १९८७मध्ये त्या जर्मनीला गेल्या, २००९मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. प्रत्येकाकडे लपवण्यासारखे काही असते तिथे निर्मळ माणूस कुणालाच खरा वाटत नाही. हे या राजवटीने समाजाचे केलेले सर्वांत खोल नुकसान आहे, असे मला वाटते.

बाहेर, उजेडात, संस्कृतीचा मोठा उत्सव चाललेला होता. १९७१मध्ये चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आल्यावर चाउशेस्कूने ‘जुलै प्रबंध’ मांडले आणि साठच्या दशकातले मोकळे वारे अडवले. १९७६पासून ‘रुमानियाचे गौरवगान’ नावाचा देशव्यापी महोत्सव सुरू झाला. कारखाने, शाळा, शेतकी संस्था सगळ्यांनी गायन-नृत्याची पथके पाठवायची. शाळकरी मुले मैदानात तासन्‌तास उभी राहून शरीरांनी चाउशेस्कूचे नाव लिहीत. त्याच्या वाढदिवशी, २६ जानेवारीला, वर्तमानपत्रे गौरवकवितांनी भरत. दूरचित्रवाणी १९८५पासून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री आठ ते दहा एवढीच दिसे, आणि त्या दोन तासांत बराच वेळ तोच दिसे. या उत्सवावर कुणाचा विश्वास होता का? पक्षाचे सभासद १९८९मध्ये ३८ लाखांच्या घरात होते आणि तरी पक्षावर श्रद्धा असलेली माणसे क्वचित भेटत. श्रद्धेची अपेक्षाही नव्हती. हजेरीची होती. जो दुपारी मैदानात टाळ्या वाजवतो आणि संध्याकाळी मागच्या दाराने मांस घेतो, त्याला आपण दोन्हीकडे खोटे आहोत हे कळत असते, आणि त्या कळण्यानेच तो थकतो.

आता सर्वांत बळकट आक्षेप. लोकांनी हे सगळे हसून, चुकवून, फसवून परतवले, मग ही सत्ता सर्वंकष कसली? खरेच, बुखारेस्टच्या गच्च्यांवर बल्गेरियाची दूरचित्रवाणी पकडण्यासाठी अँटेना उगवल्या होत्या. रात्री पडदे ओढून म्यूनिकहून येणारा रेडिओ फ्री युरोप ऐकला जाई. त्याची सरकारला एवढी धास्ती होती की पॅरिसमध्ये राहून त्यावर साहित्यसमीक्षा करणाऱ्या मोनिका लोविनेस्कू यांच्यावर नोव्हेंबर १९७७मध्ये मारेकरी घातले गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून चोरून आणलेल्या अमेरिकी चित्रपटांच्या व्हिडिओ फिती देशभर फिरू लागल्या. सरकारी दूरचित्रवाणीत अनुवादक असलेल्या इरिना मार्गारेटा निस्टोर यांनी एकटीच्या आवाजात हजारो चित्रपटांचे संवाद रुमानियनमध्ये बोलून टाकले; नायक, खलनायक, मूल, म्हातारा, सगळे त्याच आवाजात. एकाच्या घरी यंत्र, आणि इमारतीतली माणसे पैसे देऊन रात्रभर बसलेली. या आवाजाने एका पिढीला भरलेली दुकाने, मोकळे रस्ते आणि साहेबाला उलट बोलणारी माणसे दाखवली. हे धाडस होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. तरीही त्याच खोल्यांत पक्षाचे आणि सेकुरितातेचे लोकही चित्रपट पाहत होते. फितींचा व्यापार सरकारच्या नजरेतून सुटला नव्हता. तो चालू दिला गेला, जसा काळा बाजार चालू दिला गेला. बंद दाराआडची प्रत्येक सुटका हा आणखी एक अपराध होता, आणि प्रत्येक खोली आपापल्या अपराधासह शेजारच्या खोलीपासून तुटलेली होती. मनोरंजन मोठ्या प्रमाणावर उघड्यावर आले की त्याला आवर घातला जाई. कवी आद्रियान पौनेस्कू यांची ‘फ्लाकारा’ ही गाणी-कवितांची मैफल दशकभर स्टेडियम भरवत होती, आणि पौनेस्कू स्वतः चाउशेस्कूचे गोडवे गाणारे होते. पण १९८५च्या जूनमध्ये प्लोयेश्तमधल्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन काही तरुण मेले, आणि त्या निमित्ताने हजारोंनी एकत्र गाण्याची ती जागाच बंद झाली. घरात दहा जण चालत होते, मैदानात दहा हजार नाही.

आजही रुमानियातली पुष्कळ वयस्क माणसे त्या काळाबद्दल हळवेपणाने बोलतात. नोकरी होती, घर मिळत होते, गुंडगिरी नव्हती, असे ती सांगतात. त्यांना खोटे पाडायचे कारण नाही. खेड्यातून आलेल्या लाखो कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकात नळ, वीज आणि स्वतःचे दार असलेले घर प्रथमच मिळाले. १९६८मध्ये चाउशेस्कूने प्रागवरच्या सोव्हिएत आक्रमणाचा जाहीर निषेध केला तेव्हा त्याला मिळालेल्या टाळ्या खऱ्या होत्या, आणि त्याच वर्षी पितेश्तजवळच्या कारखान्यातून ‘दाचिया’ मोटारी बाहेर पडू लागल्या. पण या आठवणी त्या राजवटीच्या पहिल्या दशकाच्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांच्या तारुण्याच्याही. घर देणाऱ्याने त्या घरात किती अंश ऊब असावी, किती किलो साखर असावी आणि किती मुले असावीत हेही ठरवावे, हा सौदा त्यांना कुणी आधी सांगितला नव्हता.

डिसेंबर १९८९मध्ये तिमिशोआरात निदर्शकांवर गोळीबार झाल्यावर चाउशेस्कूने २१ तारखेला बुखारेस्टमध्ये सभा बोलावली. कारखान्यांतून माणसे नेहमीप्रमाणे फलक देऊन आणली गेली आणि सभा थेट प्रक्षेपित होत होती. भाषणाच्या मधेच गर्दीतून ओरडा उठला आणि थांबेना. सज्जातून त्याने लोकांना शांत करण्यासाठी किमान वेतनात २०० लेईंची वाढ जाहीर केली. वर्षानुवर्षे खोल्याखोल्यांत विखुरलेल्या माणसांना त्या दिवशी एकाच वेळी एकमेकांचा आवाज ऐकू आला होता, आणि देशाने तो पडद्यावर ऐकला. दुसऱ्या दिवशी चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला, २५ डिसेंबरला तिर्गोविश्तेमध्ये त्याला आणि त्याची पत्नी एलेना हिला गोळ्या घालण्यात आल्या. त्या दिवसांत हजारावर माणसे मेली, त्यातली बरीच तो पळाल्यानंतरच्या गोंधळात.

२६ डिसेंबरला नव्या सत्तेने आपला पहिला कायदा जाहीर केला. त्यात राज्यघटनेबद्दल काही नव्हते. जुने कायदे आणि फर्माने रद्द करणारी ती एक यादी होती, आणि तिच्यात गर्भपातबंदीचे १९६६चे फर्मान होते, टंकलेखन यंत्रांच्या नोंदणीचे १९८३चे फर्मान होते. १९८९मध्ये रुमानियात एक लाख जन्मांमागे सुमारे १७० माता मरत होत्या, युरोपातला हा सर्वांत मोठा आकडा होता. १९९०मध्ये रुग्णालये तीच होती, डॉक्टर तेच होते आणि औषधांचा तुटवडाही तसाच होता. त्या वर्षी मातामृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले.